कोलिमाच्या थडग्यांतील मातीचे कुत्रे

मेक्सिकोच्या पश्चिमेस, प्रशांत महासागराचा किनारा आणि एक जागृत ज्वालामुखी यांच्या दरम्यान कोलिमा नावाचे लहानसे राज्य आहे. जगभरच्या संग्रहालयांत या राज्याचे नाव पोहोचले ते तेथील जमिनीखालून निघालेल्या तांबड्या, गुबगुबीत, मातीच्या कुत्र्यांमुळे. साधारणपणे इ.स.पू. ३०० ते इ.स. ४०० या काळात घडवलेल्या या पोकळ मूर्ती मृतांसोबत खोल थडग्यांत ठेवल्या जात असत. त्यांच्याविषयी बहुतेक ठिकाणी सांगितला जाणारा अर्थ असा, की हा कुत्रा म्हणजे मृताच्या आत्म्याला परलोकीच्या नदीपार नेणारा वाटाड्या होय. या अर्थात तथ्य असण्याचा संभव आहे. परंतु तो ज्या पुराव्यावर उभा आहे तो पुरावा कोलिमाचाही नाही आणि त्या काळाचाही नाही. तो दुरून का आणावा लागला, याचा इतिहास समजून घेतल्याशिवाय या मूर्तींच्या धार्मिक अर्थाची चर्चा पुरी होऊ शकत नाही.

युरोपीय लोक येण्यापूर्वी मध्य मेक्सिकोपासून ग्वाटेमाला आणि होंडुरासपर्यंतच्या ज्या विस्तीर्ण भूभागात मक्याची शेती, विधिपूर्वक खेळला जाणारा चेंडूचा खेळ आणि परस्परांशी नाते सांगणारी दैवते असलेल्या संस्कृती नांदल्या, त्याला अभ्यासक मेसोअमेरिका म्हणतात. कोलिमा आणि त्याच्या शेजारची हालिस्को व नायारित ही राज्ये या भूभागाच्या पश्चिम टोकाला येतात. माया लोकांसारखी लिपी येथे नव्हती आणि तेओतिवाकान नगरासारखे प्रचंड चौकोनी पिरॅमिडही नव्हते, म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा सारा टापू मागासलेला मानला जाई. हालिस्कोतील तेउचित्लान गावाजवळ वर्तुळाकार पायऱ्यांची जोती आणि त्यांच्याभोवती कडे करून उभारलेल्या वास्तूंचे चौथरे आहेत. त्यांना ग्वाचिमोंतोनेस म्हणतात. फिल वेगंड या पुरातत्त्वज्ञाने अनेक वर्षे त्यांचा अभ्यास करून, येथे एक सुसंघटित आणि स्वतःची वेगळी वास्तुपरंपरा असलेला समाज राहत होता, हे दाखवून दिले. मातीच्या मूर्तींचा आणि या वास्तूंचा काळ बऱ्याच अंशी एकच आहे.

मृतांना पुरण्याची या लोकांची पद्धत मेसोअमेरिकेत इतरत्र फारशी आढळत नाही. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या, तेपेताते नावाच्या घट्ट थरात विहिरीसारखा उभा खड्डा खणत जायचे, तो तीन मीटरांपासून काही ठिकाणी वीस मीटरांपर्यंत खोल न्यायचा आणि तळाशी पोहोचल्यावर आडवी खोदाई करून एक, दोन किंवा तीन दालने कोरायची, अशी ती पद्धत होती. दालनात मृतदेह, मडकी, शंख-शिंपले आणि मूर्ती मांडल्यावर त्याचे तोंड शिळेने किंवा मोठ्या भांड्यांनी बंद करीत आणि वरचा खड्डा मातीने बुजवून टाकीत. या रचनेला मराठीत कूप-थडगे म्हणता येईल. लोखंडाचे एकही अवजार हाती नसताना केलेले हे खोदकाम पाहता, मृतांच्या व्यवस्थेवर हा समाज किती श्रम वेचीत असे याची कल्पना येते. एकाच कुळातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याच दालनात पुरली जात असावीत, असे काही थडग्यांतील हाडांच्या मांडणीवरून दिसते. शेजारच्या मिचोआकान राज्यातील एल ओपेन्यो येथे पायऱ्या उतरून जाण्याची थडगी सापडली आहेत आणि ती कूप-थडग्यांहून हजारएक वर्षांनी जुनी आहेत. भूमीच्या पोटात दालन कोरून मृतांना ठेवण्याची चाल त्यामुळे या प्रदेशात फार पूर्वीपासून रुजलेली होती, असे मानण्यास जागा आहे.

कोलिमातील मूर्तींची जी शैली सर्वांत प्रसिद्ध झाली तिला कोमाला शैली म्हणतात. कोमाला हे कोलिमातले गाव असून हुआन रुल्फो यांनी १९५५ साली ‘पेद्रो पारामो’ या कादंबरीत मृतांच्याच वस्तीला हे नाव दिल्यामुळे ते साहित्याच्या वाचकांनाही परिचित आहे. कुंभाराचे चाक अमेरिका खंडात त्या काळी ठाऊक नव्हते. त्यामुळे या मूर्ती मातीच्या वळ्या एकावर एक चढवून, हातानेच आकार देऊन घडवलेल्या आहेत. कच्ची मूर्ती थोडी सुकली की तिच्यावर लोहयुक्त तांबड्या मातीचा पातळ लेप चढवायचा, तो गुळगुळीत दगडाने चकाकी येईपर्यंत घोटायचा आणि मग उघड्या आगीत मूर्ती भाजायची, असा क्रम होता. डोक्यावर, पाठीवर किंवा शेपटीच्या जागी बहुधा एक तोटी ठेवलेली असते. या तोटीमुळे मूर्तीचे रूपांतर भांड्यात होते आणि तिच्यात काही द्रवपदार्थ भरला जात असावा असे अनुमान निघते. शतकानुशतके ओल्या मातीत पडून राहिल्याने या तांबड्या लेपावर मँगॅनीजचे काळे ठिपके उमटतात. मृतदेहांवर जगणाऱ्या किड्यांच्या कोशांचे ठसेही काही मूर्तींवर राहिलेले असून रॉबर्ट पिकरिंग यांच्यासारखे अभ्यासक खऱ्या आणि बनावट मूर्ती वेगळ्या काढताना या दोन्ही खुणा तपासून पाहतात.

कुत्र्यांच्या मूर्तींतील वैविध्य थक्क करणारे आहे. काही कुत्री वेटोळे करून निजलेली आहेत. काही मागच्या पायांवर बसून, मान किंचित वळवून कानोसा घेत आहेत. काहींचे दात विचकलेले आहेत. एखादी कुत्री पिलांना पाजते आहे, तर कोठे दोन कुत्री पुढचे पाय परस्परांच्या अंगावर टेकून एकमेकांना बिलगली आहेत. या शेवटच्या जोडीला ‘नाचरे कुत्रे’ असे नाव पडले असले तरी ती नाचत आहेत, झोंबत आहेत की खेळत आहेत हे नक्की सांगता येत नाही. बहुसंख्य कुत्र्यांची पोटे टम्म फुगलेली, पाय आखूड आणि जाड, कान ताठ व टोकदार असतात. एका प्रकारातल्या कुत्र्याने तोंडात मक्याचे कणीस धरलेले असते. कणसाचे दाणे एकेक करून उठवलेले, जबड्याची पकड नेमकी आणि डोळ्यांत ते कणीस सोडायचे नाही असा भाव. ज्या कारागिराने हे घडवले त्याने कुत्र्यांना अंगणात, चुलीपाशी, रोज पाहिले होते यात शंका राहत नाही. कुत्र्यांच्या जोडीला याच थडग्यांत बदके, पोपट, कासवे, खेकडे, साप, मासे आणि भोपळ्याच्या आकाराची भांडीही सापडतात. धार्मिक अर्थाची चर्चा करताना या बाकीच्या गोतावळ्याचा अनेकांना विसर पडतो.

वाटाड्या कुत्र्याची कथा येते ती मात्र अझटेक लोकांकडून, म्हणजे मध्य मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषा बोलणाऱ्या नाहुआ लोकांकडून. बेर्नार्दिनो दे सहागुन हा फ्रान्सिस्कन पंथाचा धर्मोपदेशक १५२९ साली मेक्सिकोत आला आणि त्याने नाहुआ जाणकारांच्या मदतीने त्यांच्या चालीरीतींचा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ १५७७ च्या सुमारास सिद्ध केला. त्यात तिसऱ्या खंडाच्या पुरवणीत मृतांच्या प्रवासाचे वर्णन आहे. जो युद्धात, पाण्यात किंवा बाळंतपणात मरण पावला नाही, सामान्य आजाराने गेला, त्याला मिक्त्लान या अधोलोकी जावे लागे. तेथवरची वाट चार वर्षांची होती आणि त्या वाटेवर एकमेकांवर आदळणारे डोंगर, वाट अडवणारा साप आणि ज्वालामुखीच्या काचेच्या पात्यांसारखा कापत जाणारा वारा असे. शेवटी एक रुंद नदी लागे आणि ती कुत्र्याच्या साहाय्याविना ओलांडता येत नसे. अंत्यविधीच्या वेळी यासाठी एक कुत्रा मारून, गळ्यात सुताची दोरी बांधून, मालकाबरोबर जाळला जाई. पैलतीरावर उभा असलेला कुत्रा धन्याला ओळखून पाण्यात उडी घेई आणि त्याला पाठीवरून पलीकडे नेई. पण हे काम पिवळसर रंगाच्या कुत्र्यानेच करायचे असे. पांढरा कुत्रा आपण नुकतेच अंग धुतले आहे असे सांगून नकार देई आणि काळा कुत्रा आपल्याला नुकताच डाग लागला आहे असे म्हणे. कुत्र्याचे तोंड असलेला शोलोत्ल हा देव याच लोकांचा असून अधोलोकाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

ही कथा इतकी नेटकी आहे, की कोलिमाच्या कुत्र्यावर ती बसवण्याचा मोह आवरणे कठीण. परंतु कोलिमातील कूप-थडगी बंद झाल्यानंतर सहागुनच्या लेखणीपर्यंत हजाराहून अधिक वर्षे लोटली होती. अझटेकांची राजधानी कोलिमापासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर होती. आणि सहागुनने वर्णिलेला विधी दहनाचा आहे, तर कोलिमातील लोक मृतांना पुरत होते. अझटेक विधीत खरा कुत्रा मारला जाई, मातीचा कुत्रा नव्हे. शिवाय नदीपार नेणारा कुत्रा एकच पुरेसा असताना निजलेले, भुंकणारे, खेळणारे आणि पिलांना पाजणारे इतके प्रकार कशासाठी, हाही प्रश्न उरतो. या त्रुटी अभ्यासकांच्या लक्षात आल्या नव्हत्या असे नाही. थडग्यांकडूनच उत्तर मिळवण्याचा मार्ग बहुतांशी बंद झालेला असल्यामुळे सोळाव्या शतकातील ग्रंथाचा आधार घेणे त्यांना भाग पडले.

हा मार्ग लुटीने बंद झाला. नॉर्वेचा संशोधक-प्रवासी कार्ल लुमहोल्ट्झ याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनातून पश्चिम मेक्सिकोतील मृत्तिकाशिल्पे बाहेरच्या जगापुढे आली. पुढे चित्रकार दिएगो रिवेरा आणि फ्रिदा काहलो यांनी ती मोठ्या आवडीने जमवली आणि १९४६ साली मेक्सिको शहरातील कलाप्रासादात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. रिवेराचा संग्रह आज आनाहुआकाल्यी या, १९६४ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात पाहायला मिळतो. रिवेराने या ग्रामीण वाटणाऱ्या कलेला अझटेक आणि माया शिल्पांच्या बरोबरीने मान मिळवून दिला, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. परंतु संग्राहकांची मागणी वाढली तशी पश्चिमेकडच्या खेड्यांत थडगी शोधून फोडणारे वाढत गेले. मूर्तींना तेथे ‘मोनोस’ म्हणतात, म्हणून या लोकांचे नाव पडले ‘मोनेरो’. जमिनीत लोखंडी सळई खुपसून भुसभुशीत माती कोठे लागते हे पाहायचे, बुजवलेला खड्डा रात्रीतून उपसायचा, धड मूर्ती उचलायच्या आणि हाडे, फुटकी मडकी, शिंपले तसेच टाकून निघून जायचे, असा त्यांचा खाक्या. कोणता कुत्रा कोणाच्या उशाशी होता, स्त्रीच्या की पुरुषाच्या, लहान मुलाच्या की म्हाताऱ्याच्या, त्याचे तोंड दाराकडे होते की मृताकडे, त्याच्या पोटात काय भरले होते, ही माहिती एका रात्रीत कायमची नाहीशी होई. मूर्तींचा काळही यामुळे चुकत गेला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या तारास्कन म्हणजे पुरेपेचा लोकांच्या मानल्या जात, जे वस्तुतः अझटेकांचे समकालीन होते. पुरातत्त्वज्ञ इझाबेल केली यांनी १९३९ पासून पुढे अनेक वर्षे कोलिमात काम करून, खापरांच्या थरांवरून कालक्रम बसवला, तेव्हा कोठे या मूर्ती अझटेकांहून कितीतरी जुन्या ठरल्या. कला-बाजारात न विकल्या जाणाऱ्या फुटक्या खापरांवर केलेले हे चिकाटीचे काम कोलिमाच्या इतिहासात सर्वांत मोलाचे आहे.

या कुत्र्यांना शोलोइत्स्क्विंत्ली ठरवण्याची घाईही अशीच झाली. अंगावर केस नसलेली ही मेक्सिकन जात शोलोत्ल देवाशी जोडली जाते आणि मूर्तींचे अंग तुकतुकीत असल्यामुळे त्या याच जातीच्या असाव्यात असे लिहिले जाते. परंतु कोलिमाच्या कुंभाराने घोटलेली बदके आणि पोपटही तितकेच गुळगुळीत असतात आणि त्यावरून त्या पक्ष्यांना पिसे नव्हती असे कोणी म्हणत नाही. केसहीन कुत्र्यांचा हा गुण एका जनुकातील बदलामुळे येतो, हे २००८ साली सिद्ध झाले असून त्याच बदलामुळे त्यांचे दातही कमी किंवा विरूप असतात. दात विचकलेल्या कित्येक मूर्तींत मात्र दातांची ओळ भरगच्च दाखवलेली आहे. काही मूर्ती केसहीन कुत्र्यांच्या असतीलही. सगळ्या तशा आहेत हे म्हणणे पुराव्याला धरून नाही.

कोलिमाच्या काळाला आणि भूमीला अधिक जवळची अशी दोन सूत्रे आहेत आणि ती धरून गेल्यास अर्थ अधिक भरीव होतो. पहिले सूत्र अन्नाचे. मेसोअमेरिकेत गाय, शेळी, मेंढी, डुक्कर यांपैकी एकही प्राणी नव्हता. मांसासाठी पाळले जात ते मुख्यतः कुत्रा आणि टर्की. माया प्रदेशातील कुत्र्यांच्या हाडांची रासायनिक तपासणी झाली असता ती मक्यावर पोसलेली असल्याचे दिसून आले. सोळाव्या शतकात दिएगो दुरान या धर्मोपदेशकाने आकोल्मान येथील बाजारात चारशेहून अधिक कुत्री विक्रीला आलेली पाहिली आणि ती लग्न-बारशासारख्या समारंभांच्या जेवणांसाठी घेतली जातात असे त्याला सांगण्यात आले. दुरानची साक्षही उशिराचीच आहे. पण कणीस तोंडात धरलेला फुगल्या पोटाचा कुत्रा हा खुद्द कोलिमाचा पुरावा तिला दुजोरा देतो. क्रिस्टी बटरविक यांनी पश्चिम मेक्सिकोच्या थडग्यांतील मूर्ती आणि भांड्यांचा संबंध पूर्वजांसाठी घातल्या जाणाऱ्या जेवणावळींशी जोडला आहे. खेकडे, बदके, मासे, भोपळे आणि तोटीची भांडी यांच्या संगतीत कुत्र्याला ठेवून पाहिले, तर मृताच्या पुढ्यात कधीही न संपणारी मेजवानी मांडून ठेवली आहे, हा अर्थ आपोआप पुढे येतो.

दुसरे सूत्र आहे उइचोल लोकांचे. हालिस्को आणि नायारितच्या डोंगरात आजही राहणाऱ्या या लोकांच्या परंपरेत कुत्रा दोन ठिकाणी येतो. परलोकी जाणाऱ्या आत्म्याला वाटेत एक लहान काळा कुत्रा आडवा येतो आणि त्याला मक्याची भाकरी घातल्यावर तो वाट मोकळी करतो. येथील कुत्रा वाहून नेणारा नाही, अडवणारा आहे, आणि अझटेक कथेत नकार देणारा काळा रंगच येथे नेमका पुढे येतो. उइचोलांच्या महापुराच्या कथेत, जगातून वाचलेल्या एका पुरुषासोबत एक कुत्री उरते. तो शेतावर गेला की ती कातडे उतरवून स्त्री होते, भाकऱ्या भाजून ठेवते, आणि पुढची मानवजात त्या दोघांपासून निर्माण होते. लुमहोल्ट्झनेही ही कथा नोंदवली आहे. लॉस एंजेलिसच्या जिल्हा कलासंग्रहालयात कोलिमाची एक विलक्षण मूर्ती आहे: कुत्र्याच्या तोंडावर माणसाचा मुखवटा. कारागिराने कुत्र्याला मानवी चेहरा दिलेला नाही; चढवलेला मुखवटा म्हणूनच तो घडवला आहे. पीटर फर्स्ट यांनी १९६५ पासून या थडग्यांतील मूर्तींचा अर्थ शामनांशी, म्हणजे प्राण्याचे रूप घेऊन किंवा प्राण्यांच्या साहाय्याने परलोकाशी व्यवहार करणाऱ्या वैदू-पुरोहितांशी, जोडला आणि त्यासाठी उइचोल परंपरेचाच आधार घेतला. सगळ्याच मूर्तींना शामनाचे लेणे चढवण्यात फर्स्ट यांचा आग्रह अति झाला, असे म्हणावे लागेल. परंतु मुखवट्याच्या कुत्र्यापुरते पाहिले तर माणूस आणि कुत्रा यांमधली सीमा ओलांडता येते, असे या लोकांना वाटत होते, हे मान्य करावेच लागते. उइचोलांची कथाही आजची आहे आणि मधले अंतर दीड हजार वर्षांहून अधिक आहे. तिचे बळ एवढेच, की ती त्याच मातीतली आहे.

लुटारूंचा हात न लागलेले थडगे काय सांगू शकते, याचा प्रत्यय १९९३ साली हालिस्कोतील उइत्सिलापा येथे आला. लोरेन्सा लोपेस मेस्तास आणि होर्हे रामोस दे ला वेगा यांनी तेथील साडेसात मीटरांहून खोल, दोन दालनांचे थडगे शास्त्रीय पद्धतीने उत्खनित केले. त्यात सहा माणसे पुरलेली होती आणि काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकातला निघाला. मृतांपैकी अनेकांच्या मानेच्या मणक्यांत एकच जन्मजात व्यंग आढळले, त्यावरून ते एका कुळातले असावेत हे ठरले. प्रमुख पुरुषाच्या अंगावर हिरव्या दगडाचे आणि शिंपल्यांचे दागिने होते, शेजारी रंगवलेले शंख ठेवले होते, आणि भांड्यांच्या मांडणीवरून मृतांसाठी अन्न ठेवले होते हे कळले. कुळ, पद आणि अन्नदान या तिन्ही गोष्टी पुस्तकी तर्काशिवाय, जागच्या जागी वाचता आल्या.

उपलब्ध पुराव्याच्या मर्यादेत निर्णय द्यायचा झाला, तर कोलिमाच्या मातीच्या कुत्र्याला केवळ वाटाड्या म्हणणे अपुरे ठरते. मृतासोबत कुत्रा पुरण्याची चाल मेसोअमेरिकेत फार जुनी आहे. मेक्सिकोतील चुपीक्वारो या प्राचीन स्थळी थडग्यांत माणसांजवळ खऱ्या कुत्र्यांचे सांगाडे मिळाले आहेत. त्यामुळे परलोकाच्या वाटेवर कुत्र्याची सोबत असते ही समजूत कोलिमात असण्याचा संभव चांगलाच आहे. पण त्याच कुत्र्याला मक्यावर पोसून पाहुण्यांना वाढले जाई, तोच अंगणात पिलांसह लोळत असे, आणि त्याच्याच पोटी माणसाचा जन्म झाला असेही मानले जात असावे. सोबत करणारा, खाऊ घातला जाणारा आणि खाल्ला जाणारा अशा तिन्ही नात्यांनी तो थडग्यात उतरतो. यांतले एक नाते निवडून दुसरी दोन टाकून देण्याचे कारण थडग्यांनी आपल्याला दिलेले नाही.

मेक्सिकोने १९७२ मध्ये संघराज्याचा कायदा करून जमिनीखालची सर्व पुरावस्तू राष्ट्राच्या मालकीची ठरवली, तरीही अशा मूर्ती परदेशी लिलावांत विक्रीला येतच असतात. संग्रहालयात किंवा लिलावाच्या सूचीत असा कुत्रा दिसला, तर त्याच्याखालच्या पाटीवर फक्त ‘कोलिमा’ लिहिले आहे की उत्खननाचे ठिकाणही दिले आहे, हे वाचकाने अवश्य पाहावे. ठिकाण दिलेले नसेल तर तो बहुधा लुटलेल्या थडग्यातून आलेला असतो.